एस-४१ बद्दल

सुमे,

सात महिने फोन नाही, मेसेजला नुसते अंगठे. चूक माझीच, पण आधी वाच, मग शिव्या घाल. तब्येती ठीक, आईची शुगर गोळ्यांवर, माझी मान लॅपटॉपने खाल्ली.

परवा रात्री थिसिसचा चौथा चॅप्टर घेऊन बसले होते. २०१८ च्या ऑक्टोबरमधले मराठी मीटूचे स्क्रीनशॉट लावत होते, ३१२ आहेत. एक्केचाळिसावा उघडला तर तू. तो तिथे आहे हे मला माहीत होतंच गं, मीच काढलेला, तू पोस्ट टाकल्यावर अर्ध्या तासात. पण इतकी वर्षं एस-४१, एस-४१ म्हणत राहिले आणि तुझं लिहिणं म्हणून ते वाचलंच नव्हतं. परवा वाचलं. निळ्या खुर्चीपाशी आले आणि पुढे जाववेना.

तू ती पोस्ट नवव्या दिवशी उडवलीस. गाइड म्हणतात पोस्ट पब्लिक होती, नाव काढलंय, कमिटीची परवानगी आहे, मग अडलंय कुठे? आता नाव काढून काय होतंय, आपल्या बॅचमधल्या कुणीही खुर्ची वाचली की केबिन कुणाची ते कळणार आणि मग मुलगी कोण तेही. म्हणून खुर्ची काढून माझ्या शब्दांत लिहून पाहिलं, 'विद्यार्थिनीने अस्वस्थता नोंदवली.' शी! तू असं वाक्य तापात सुद्धा बोलली नसतीस.

टाकूनच द्यावं असंही वाटलं. पण दुसरीकडे आता उरलंय काय? ट्विटरवरच्या जुन्या पोस्ट गोळा करायचा फुकट एपीआय २०२३ ला गेला, फेसबुकच्या पोस्ट शोधायचं क्राउडटँगल मेटाने ऑगस्ट २०२४ ला बंद केलं, कितीतरी जणींनी अकाउंटच बंद केली, कुणाला वकिलाची नोटीस आली, कुणाचं लग्न ठरलं. त्यांच्यावर केलेले मीम मात्र अजून फॅमिली ग्रुपवर फिरताना दिसतात. म्हणजे माझ्या हार्ड डिस्कवर जे आहे ते आहे, आणि ती डिस्क तुला माहितीये, दोनदा पडलीये.

परवापासून मथुरा केस डोक्यातून जात नाहीये. एमएला किती वेळा लिहिली आपण, १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, मथुरा या आदिवासी मुलीवर तिथे बलात्कार केल्याचा दोन पोलिसांवर आरोप, १९७८ ला सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, १९७९ ला वसुधा धागमवार, बक्षी वगैरे चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, १९८० ला बायका रस्त्यावर. कोर्टाच्या कागदावर केसचं नाव तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, म्हणजे पोलिसाचं. पण 'तुकाराम केस' असं कधी म्हणालो का आपण? तिच्याच नावाखाली पट्टीने रेघ मारायचो. गंमत म्हणजे याच आंदोलनामुळे १९८३ ला कायदा बदलला आणि त्यात २२८-अ आलं, पीडितेचं नाव छापायचं नाही. तेही पाठ होतं आपल्याला, पुढच्याच ओळीत. तिला चालेल का, हा प्रश्न माझ्या एकाही नोट्समध्ये नाही. तुझ्यात असेल तर सांग, तुझं अक्षर तसंही कुणाला लागायचं नाही.

आणि ते भांडण. २०१७ ला राया सरकारची, लैंगिक छळाचे आरोप असलेल्या प्राध्यापकांची यादी फेसबुकवर आली तेव्हा मी मेसमध्ये काफिला ब्लॉगवरच्या त्या ज्येष्ठ स्त्रीवाद्यांच्या निवेदनाची बाजू घेऊन, यादी नको, रीतसर चौकशी हवी म्हणत ड्यू प्रोसेस, ड्यू प्रोसेस करत होते आणि तू म्हणालीस, तुझा ड्यू प्रोसेस या खिचडीत घाल. (खिचडी त्याच लायकीची होती.) वर्षभराने तू स्वतः लिहिलंस. मी शेअर केलं नाही, स्क्रीनशॉट काढला. तू म्हणालीस, 'माझी पोस्ट तुला अभ्यासाला चालते, वॉलवर चालत नाही.' मी म्हणाले तसं नाहीये. तसंच होतं सुमे. माझ्या फेलोशिपच्या फॉर्मवर त्याच केबिनवाल्या सरांची सही लागणार होती. हे तेव्हा सांगितलं नाही, आत्ता सांगतेय, फेलोशिप खाऊन झाल्यावर.

तुझी नाशिकची बदली झाली का? ओवीचे पुढचे दात आले? सासूबाईंचा गुडघा? सगळं एकदम विचारतेय, सवडीने सांग.

चॅप्टर २० तारखेला द्यायचाय. तुझी पोस्ट सोबत जोडलीये, तुझ्याकडे नसेल असं वाटलं. काढ म्हणालीस तर एस-४० नंतर सरळ एस-४२ येईल, डिस्कवरूनही उडवेन, तू व्हिडिओ कॉलवर बघ हवं तर. ठेव म्हणालीस तर खुर्चीचं काय करायचं ते तूच लिहून पाठव. अंगठा पाठवू नकोस.

तुझी,
अंजू