डार्करूम मोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या एका कला महाविद्यालयाने गेल्या वर्षी डार्करूम, म्हणजे फोटो धुण्याची काळोखी खोली, मोडली. सिंक उखडलं, निगेटिव्हवरून मोठा फोटो काढणारे एनलार्जर भंगारात गेले. सागवानी फील्ड कॅमेऱ्याची तिपाई आता एका हॉटेलात दिव्याखाली उभी आहे. मी विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं, ‘सुटी फिल्म (रोलऐवजी एकेका पत्र्यात मिळणारी) मिळतच नाही, मग खोली कशाला अडवायची?’ हे खरं नाही, म्हणून हे पत्र.

मी १९६९ साली मिरजेतल्या एका स्टुडिओत कामाला लागलो. हाफ-प्लेट कॅमेरा, डोक्यावर काळं कापड, आणि फोटो काढून झाला की टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर रिटचिंग. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद आमच्याकडे रिमाने यायचा. पुढे तो कारखाना बंद पडला आणि सुटी फिल्मही दुकानांतून गेली. मग मी एक्स-रेची फिल्म कापून वापरू लागलो. तिला दोन्ही बाजूंनी इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा नाजूक थर, असतो. ट्रेच्या तळाला जरा घासली की ओरखडा उमटतो आणि चेहरा वाया जातो. तळाशी काच ठेवून कसंबसं निभावलं.

या दिवाळीत भाची इंग्लंडहून आली, तिने इल्फर्डच्या ऑर्थो प्लस फिल्मचा डबा आणला. चार बाय पाच इंच, पंचवीस पत्रे. चेशायर परगण्यातल्या मॉबर्ली गावी ती तयार होते. मुळात ही चित्रांच्या, फोटोंच्या नकला काढण्याच्या कामाची फिल्म. २०१९ साली कंपनीने तीच ३५ मिलिमीटर आणि १२०च्या रोलमध्येही आणली. माझ्या हाती मात्र ती आत्ताच आली. वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता (आयएसओ), दिवसाच्या उजेडात ८०, बल्बच्या उजेडात ४०. तिला लाल रंग दिसत नाही, म्हणून गडद लाल दिव्यात ती डोळ्यांदेखत धुता येते. आजच्या बाकीच्या बहुतेक फिल्म मिट्ट काळोखात चाचपडत धुवाव्या लागतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

सुताराकडून कॅमेऱ्याच्या जुन्या स्लाईडमध्ये, म्हणजे फिल्म ठेवायच्या बंद खोक्यात, बसेल अशी पातळ चौकट करून घेतली. पत्नीला उत्तरेच्या खिडकीशी बसवलं, लेन्सची टोपी काढली, मनात एक म्हटलं, टोपी लावली. रात्री न्हाणीघरात लाल बल्ब लावून फिल्म डेव्हलपरमध्ये सोडली. ट्रे हलवत असताना चेहरा हळूहळू काळा होत गेला, पदराची जर उमटली, आणि कपाळाच्या मधोमध एक गोल ठिपका तसाच दुधाळ राहिला. ते कुंकू! निगेटिव्हवरचं कोरं प्रिंटमध्ये काळं होतं, म्हणून प्रिंटमध्ये ते काळंभोर आलं. आपल्या आज्या-पणज्यांच्या फोटोंत कुंकू असंच ठसठशीत काळं का दिसतं, हे मला माहीत होतं. पण ते घडताना पाहायला चाळीसेक वर्षांनी मिळालं. सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मवर तेच कुंकू फिकट करडं पडतं. या फिल्मवर सावळी त्वचाही जरा गडद येते, तिचा पोत दिसतो. मला तो आवडतो, काहींना आवडणार नाही.

फिल्म महाग पडते, हे मान्य. परदेशातून मागवावी लागते. पण चार महाविद्यालयांनी मिळून मागवली तर एका विद्यार्थ्याला वर्षाला पाच-सहा पत्रे देणं अशक्य नाही. पाच पत्रे पुरतात, कारण प्रत्येक फोटोआधी माणूस दहा मिनिटं विचार करतो.

कला संचालनालयाला माझी विनंती आहे. डार्करूमचं सामान निर्लेखित करण्याआधी ते वापरणारं कुणी आहे का, हे एकदा जाहीर विचारावं. ज्यांच्या माळ्यावर जुने लाकडी कॅमेरे आहेत त्यांनीही ते शोभेसाठी विकू नयेत. कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता फाटला असेल तर कातडी काम करणारा कारागीर तो शिवून देतो, मी दोनदा शिवून घेतला आहे.

कोणत्याही महाविद्यालयाने बोलावलं तर मी माझे ट्रे, हायपो (फोटो पक्का करणारं रसायन) आणि लाल बल्ब घेऊन येईन. मानधन नको, पाण्याचा नळ आणि दाराला काळा पडदा तेवढा हवा. डब्यात अजून एकोणीस पत्रे शिल्लक आहेत.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रकार, मिरज