जिवाणू खताचे पाकीट टिनाच्या शेडात नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘ॲझोटोबॅक्टर टाकून पाहिलं, काही फरक नाही’, असे आपल्याकडचे भाजीपालावाले शेतकरी सर्रास सांगतात. ॲझोटोबॅक्टर म्हणजे हवेतला नत्र बांधून पिकाला देणारे जिवाणू खत. त्यांचे खोटे नसते. पुष्कळदा पाकिटातले जिवाणू शेतात पोचण्याआधीच मेलेले असतात. खत नियंत्रण आदेशानुसार एक ग्रॅम भुकटीत किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. तेच पाकीट मे महिन्याच्या ४५ अंशांत टिनाखाली पडून राहिले, तर ऑक्टोबरच्या लागवडीला हाती येते ती नुसती भुकटी. पाकिटावरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

वांगी, मिरची, टमाटर, फुलकोबीला मुळे बुडवण्याची पद्धत सर्वांत स्वस्त. दहा लिटर पाण्यात ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) प्रत्येकी २५० ग्रॅम कालवावेत, मुळे १५ ते २० मिनिटे बुडवावीत आणि ऊन उतरल्यावर ओल्या सरीत रोपे लावावीत. पाणी विहिरीचे घ्यावे. नळयोजनेच्या पाण्यातले ब्लिचिंग जिवाणूंना मारते. त्याच बादलीत बुरशीनाशक तर मुळीच नको. शिवाय ही दोन्ही जिवाणू खते एकरी प्रत्येकी दोन किलो, १०० किलो चांगल्या कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून सरीत द्यावे. शेणखताशिवाय ॲझोटोबॅक्टर उपाशी राहतो. रायझोबियम हे जिवाणू खत चवळी, वाल, वाटाणा अशा शेंगवर्गीय पिकांसाठी. टमाटरला देऊन उपयोग नाही.

आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत डीएपी खतातले बरेचसे स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधले जाते. पीएसबी सेंद्रिय आम्ले सोडून त्यातले काही मोकळे करते, म्हणून इथे त्याचे मोल अधिक. नत्राचे गणित वेगळे आहे. युरियाचा भडिमार चालू असेल, तर ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र बांधतच नाही. पण म्हणून युरिया एकदम बंद करणेही चूक. माती तपासून शिफारशीच्या नत्रात पहिल्या हंगामी चौथाईपर्यंतच कपात करावी आणि चार ओळी पूर्ण मात्रेच्या ठेवून तुलना करावी. पाने खालून पिवळी पडू लागली, तर कपात थांबवावी.

हे सारे पाकीट जिवंत असेल तरच. कृषी विभागाने रब्बी लागवडीआधी, सप्टेंबरातच, कृषी केंद्रांतले जिवाणू खतांचे साठे तपासावेत, नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत आणि मुदत संपलेला माल उचलायला लावावा. विक्रेत्याला परवाना देताना थंड, सावलीच्या साठवणुकीची अट घालून ती पाळली जाते का, हेही पाहावे.

— भाजीपाला रोपवाटिकाधारक, ता. भिवापूर, जि. नागपूर