गृहमंत्री साहेब, त्या मशीनचं एक बटण काढूनच सही करा

नमस्कार साहेब (मॅडम असाल तर मॅडम),

कुठल्या देशाचे गृहमंत्री ते मुद्दामच लिहीत नाहीये, कारण ही फाईल आज एकाच्या टेबलावर असते आणि उद्या दुसऱ्याच्या. वर लिहिलेलं असतं गर्दीपर्यंत लांबून सूचना पोचवणारं उपकरण, सोबत चकचकीत ब्रोशर, आणि विक्रेता हमखास सांगतो की साहेब यात गोळी नाही, लाठी नाही, रक्त नाही, नुसता आवाज आहे. मी साउंडचं काम करतो, स्पीकर आणि मिक्सरच्या मधे आयुष्य चाललंय, त्यामुळे त्या ब्रोशरमधले आकडे मला वाचता येतात. म्हणून हे पत्र.

या मशीनला एलरॅड म्हणतात. ऑक्टोबर २००० मधे येमेनच्या एडन बंदरात अमेरिकेच्या कोल या युद्धनौकेला स्फोटकं भरलेली छोटी बोट येऊन भिडली, १७ नौसैनिक गेले, आणि त्यानंतर असं काहीतरी हवं झालं की जवळ येणाऱ्या बोटीला लांबूनच ठणकावता येईल. त्यातून हे आलं. २००५ मधे सोमालियाजवळ समुद्री चाच्यांनी एका क्रूझ जहाजावर हल्ला केला तेव्हाही ते वापरलं होतं. समुद्रावर, पुरात, आगीत, लांबच्या माणसाला स्पष्ट शब्दात काही सांगायचं असेल तर मशीन खरंच भारी आहे, उगाच नावं ठेवणार नाही.

पण त्याच डब्यात दुसरं एक बटण असतं. ते दाबलं की शब्द येत नाहीत, एक टोचणारा टोन येतो, आणि तो सूचना द्यायला नसतोच, माणसाला तिथून पळवायला असतो. मोठ्या मॉडेलची क्षमता एक मीटरवर १५३ डेसिबलपर्यंत सांगतात, हातात उचलून नेता येईल अशा छोट्याची सुद्धा १३६ च्या आसपास. कामाच्या ठिकाणी आवाजाचा जो हिशोब बऱ्याच ठिकाणी मानतात तो असा की ८५ डेसिबल आठ तास चालेल, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. आता मोठ्या मशीनपासून सोळा मीटर लांब उभं राहा, मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल कमी होतात, म्हणजे तिथे उरले १२९ च्या आसपास, आणि वरच्या हिशोबाने तिथे तुम्हाला मिळतो जेमतेम एक सेकंद. हे मैदानातलं झालं, दोन्ही बाजूला इमारती असलेल्या रस्त्यात आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तिथे हे गणित आणखी बिघडतं. शिवाय टोन ठेवलेला असतो दोन ते तीन हजार हर्ट्झच्या भागात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात आपला कान सगळ्यात तिखट असतो, कानाची नळीच तो आवाज आणखी वाढवून आत पाठवते. आवाज पुढे साधारण तीस अंशांच्या झोतात जातो, मागे खूपच कमी. म्हणजे बटण दाबणाऱ्याला आपण समोरच्याला काय देतोय याचा अंदाजच येत नाही! आमच्या धंद्यात असा माणूस कन्सोलवर बसवत नाहीत.

कानाच्या आत केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार, आणि माणसात त्या मेल्या की परत येत नाहीत. मग ऐकू कमी येतं, किंवा कानात शीळ सुरू होते ती रात्रंदिवस, काहींची आयुष्यभर. बाहेरून काहीच दिसत नाही. लाठीचा वळ फोटोत येतो, अश्रुधुराचं नळकांडं रस्त्यात सापडतं, इथे हातात काय राहतं तर दोन महिन्यांनी काढलेला ऑडिओग्राम म्हणजे कान तपासणीचा आलेख, ज्याच्यावर सरकारी वकील अगदी सहज म्हणू शकतो की तुम्ही हेडफोन जास्त वापरत असाल. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. इतर हत्यारांचा काहीतरी पुरावा मागे उरतो, याचा उरतो फक्त ज्याला लागलं त्याच्या डोक्यात.

सर्बियाच्या राजधानीतलं, बेलग्रेडचं प्रकरण बघा. १५ मार्च २०२५, नोवी सादच्या रेल्वे स्टेशनचं छत कोसळून गेलेल्या लोकांसाठी प्रचंड गर्दी शांत उभी होती, आणि अचानक रस्त्याच्या मधोमध गर्दी दुभंगली, लोक घाबरून दोन्ही बाजूंना पळाले, व्हिडिओ जगभर फिरले. सरकारने आधी सगळंच झटकलं, मग कबूल केलं की पोलिसांकडे अशी मशिनं आहेत खरी पण वापरली नाहीत, आणि आजही तेच म्हणतात. खरं काय ते मी इथे बसून ठरवणार नाही. पण कोणी ठरवायचं म्हटलं तरी कशावरून ठरवणार, सगळ्यांना मान्य होईल अशी मशीनची नोंदच समोर नाही. एप्रिलमधे युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने सर्बियाला सांगितलं की असली उपकरणं वापरली जाणार नाहीत याची काळजी घ्या, आणि त्यातही हे वापरलं होतं असा निष्कर्ष काढलेला नव्हता.

जिथे गोष्ट कोर्टात नीट लढली गेली तिथे काय झालं तेही बघा. २००९ च्या जी-२० परिषदेत पिट्सबर्गमधे हे मशीन रस्त्यावर आलं, तिथे निदर्शनं बघायला आलेल्या एका प्राध्यापक बाईंनी कान कायमचे बिघडले म्हणून केस केली, शहराने २०१२ मधे ७२,००० डॉलर देऊन मिटवलं. न्यूयॉर्कमधे डिसेंबर २०१४ च्या निदर्शनांनंतर केस झाली, बचाव असा की हे संवादाचं साधन आहे, आवाज म्हणजे काय बळाचा वापर नव्हे. २०१८ मधे तिथल्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की आवाजसुद्धा बळ असू शकतो, आणि २०२१ च्या तडजोडीत न्यूयॉर्क पोलिसांनी तो टोन वापरणं सोडलं. मशीन ठेवलं, बोलायला वापरतात. टोरांटोत तर २०१० च्या जी-२० परिषदेच्या आधीच कोर्टाने शहर पोलिसांना टोनला मनाई केली आणि बोलायला परवानगी दिली. म्हणजे दोन बटणं वेगळी करता येतात आणि त्याने पोलिसांचं काही अडत नाही.

नुसतं हैराण करायचे प्रयोगही कमी झाले नाहीत. डिसेंबर १९८९ मधे पनामात तिथला हुकूमशहा नोरिएगा व्हॅटिकनच्या दूतावासात लपला तर अमेरिकन सैन्याने बाहेर कर्कश्श रॉक लावलं, व्हॅटिकनने तक्रार केल्यावर बंद केलं, आणि तो बाहेर आला त्यानंतर काही दिवसांनी. २०२२ मधे वेलिंग्टनला संसदेबाहेरच्या आंदोलकांना पिटाळायला स्पीकरवर गाणी लावली तर लोक त्यावर नाचायला लागले. हसू येतं, पण याच कल्पनेचं दुसरं टोक आहे उत्तर आयर्लंड, १९७१, डोक्यावर पिशवी घातलेले कैदी आणि सतत चालू ठेवलेला घरघराट. ब्रिटिशांनी तिथे कैद्यांच्या चौकशीत अशा पाच पद्धती वापरल्या होत्या, १९७८ मधे युरोपियन कोर्टाने त्या पाचांना मिळून अमानुष आणि अपमानास्पद वागणूक म्हटलं, आणि आवाज त्या पाचातला एक होता.

तर साहेब, मशीन घ्यायचंच असेल तर टोनवालं फंक्शन कारखान्यातूनच काढून घ्या, नुसता पासवर्ड टाकून लॉक नको, लॉक कधी ना कधी उघडतातच. नियमात आवाज हा बळाचा वापर म्हणून लिहा, लाठी आणि अश्रुधुराच्या शेजारी. मर्यादा मशीनपाशी नाही तर सगळ्यात जवळच्या कानापाशी मोजा, कारण पहिल्या रांगेत लहान मूल असू शकतं, श्रवणयंत्र लावलेला माणूस असू शकतो, आणि अजिबात ऐकू न येणारा असेल तर त्याला तुमची सूचनाही कळणार नाही, त्याच्यासाठी लिखित बोर्ड ठेवा. मशीन कधी चालू झालं, किती वेळ, किती आवाजात, कुठल्या दिशेला, हे आपोआप नोंदलं जावं आणि ती नोंद पोलिसांच्या बाहेर कोणाकडे तरी राहावी. याने पोलिसांचंही भलं आहे, खोटा आरोप झाला तर दाखवायला कागद असेल. संयुक्त राष्ट्रांची कमी घातक शस्त्रांबद्दलची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात आवाजाच्या उपकरणांचाही भाग आहे, तुमच्या सचिवांना तो काढायला सांगा, कोऱ्या पानापासून सुरुवात करायची गरज नाही.

आणि विक्रेता म्हणाला की टोन काढून मशीन देत नाही, तर फाईल परत पाठवा. लोकांना सूचनाच द्यायची असेल तर चांगले हॉर्न स्पीकर आणि नीट बोलणारा एक माणूस बहुतेक ठिकाणी पुरतो, स्पीकर कुठे आणि किती उंचीवर लावायचे ते सांगायला मी फुकट येईन.

आपला,
एक साउंडवाला