मंजे, आधी हे वाच

प्रिय मंजे,

आठ महिन्यांत तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत, नुसती तुझ्या गुड मॉर्निंगच्या फुलांना अंगठे दाखवत बसले, आणि आता एवढं मोठं लिहितेय म्हणजे तू म्हणणार काम पडलं की आली आठवण बाईला. पण तुला वाटतंय ते काम नाहीये. काल रात्री जेवताना अमोल आमटी वाढून घेता घेता म्हणाला, रविवारी शिरीषभावजींशी बोललो, मंजूला सांगून हेडसरांच्या लेटरहेडवर एक दाखला काढून ठेवा म्हणालो. माझा घास तोंडातच राहिला. मला न विचारता! म्हणजे तू तीन दिवस गप्प का आहेस ते मला आमटीच्या वाटीवर कळलं.

तब्येत बरी आहे, थायरॉइडची गोळी चालू, पाठ दुखते. पुढे.

तुला फोनवर अर्धंमुर्धं कळलं असणार म्हणून पहिल्यापासून सांगते. मी इथं जपानमध्ये अमोलची बायको म्हणून आहे, म्हणजे सरकारदरबारी अक्षरशः तेवढीच, डिपेंडंट. काम करायचं तर वेगळी परवानगी, ती रेसिडेन्स कार्डाच्या पाठीमागे छापून मिळते, आठवड्याला 28 तास. आणि हे 28 तास सोमवार ते रविवार नाहीत बरं का, कुठल्याही दिवसापासून सात दिवस मोजा, 28 च्या आत पाहिजेत. दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हीची बेरीज. कुलकर्णी बाईंनी हे गणित घातलं असतं तर अर्धा वर्ग नापास झाला असता, तू नाही, तू पाठ करून आली असतीस.

तर चार वर्षं मी त्या इंग्लिश प्रीस्कूलमध्ये अर्धवेळ काम करतेय आणि आता आमच्या एन्चो सेन्सेनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, फुलटाइम घेते म्हणून सांगितलं. फुलटाइम म्हणजे माझा स्वतःचा व्हिसा, माझ्या नावावर. सदतिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा असं काही मिळणार होतं ज्याच्यावर अमोलचं नाव नाही. मी तीन दिवस हवेत होते. मग आमच्या कागदवाल्याकडे गेलो (इथं त्यांना ग्योसेइ-शोशी म्हणतात, आपल्याकडे आरटीओबाहेर बसतात तसेच, फक्त टाय लावलेले) आणि त्यानं माझं विमान उतरवलं.

गंमत बघ. शाळेत इंग्रजी शिकवायचा जो व्हिसा आहे त्यात प्राथमिक शाळा आहे, माध्यमिक आहे, ज्युनिअर कॉलेजसारखं सगळं आहे, बालवाडी नाही. यादीतच नाही! म्हणजे तीन वर्षांच्या पोराला इंग्रजी शिकवणारी बाई कायद्याच्या लेखी शिक्षिका नाही. तिला ऑफिसात भाषांतर करणाऱ्या लोकांच्या व्हिसात बसवतात. आणि आमचं प्रीस्कूल तर बालवाडीसुद्धा नाही, बोर्डावर 'इंटरनॅशनल' आणि सरकारी वहीत मान्यता नसलेलं पाळणाघर, इथली बरीच इंग्लिश प्रीस्कूलं तशीच आहेत, चोरीचं काही नाही त्यात. पण पोरं सांभाळणं हे त्या व्हिसातलं काम नाही, भाषा शिकवणं आहे. मग मी नेमकं काय करते, हा प्रश्न.

आणि दुसरा प्रश्न त्याहून भारी. शाळेच्या व्हिसाला नियम असा की जी भाषा शिकवायची त्या भाषेतून निदान 12 वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे. माझ्या व्हिसाला तो नियम लागू नाही, पण कागदवाला म्हणतो अमेरिकन पासपोर्ट नसला की इमिग्रेशनचा साहेब तेच बघतो. लागू नाही पण बघतो. आता तू मोज. अकरावी-बारावी दोन, बीएस्सी तीन, एमएस्सी दोन. सात. आपण एबीसीडी पाचवीत शिकलो मंजे, पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आली, आपल्या मागून, तुझ्या भावाच्या बॅचलासुद्धा नव्हती. अकरावीला पहिल्या दिवशी त्या सरांनी फोटोसिंथेसिस म्हटलं आणि मी तुझ्याकडे बघितलं आणि तू वहीत लिहून दाखवलंस, प्रकाशसंश्लेषण, आणि माझा जीव भांड्यात पडला. आता त्या साहेबाला काय सांगू, की बाबा रे पाच वर्षं कमी पडतायत पण मंजू होती शेजारी?

तर गेल्या आठवड्यात इमिग्रेशनचं पाकीट आलं, आणखी कागद द्या. एक, कुठल्या भाषेतून किती वर्षं शिकलात त्याचा पुरावा. दोन, रोजच्या कामाचं वेळापत्रक, तासवार.

वेळापत्रकाचं आधी सांगते, कारण झोप त्यानं उडालीय. एन्चो सेन्से म्हणाल्या सोपं आहे, सगळीकडे 'इंग्लिश लेसन' लिही. मी घरी येऊन खरं लिहून बघितलं. 9 ते 9:30 बूट. मंजे, अर्धा तास बूट! सोळा पोरं, बत्तीस बूट, काढायचे, जोडीनं लावायचे, आतले घालायचे, आणि एकजण रोज डावा उजव्यात घालून रडतो. मग नाकं, मग शू, मग दोरी धरून बागेत, मग डबे, मग झोपवणं, मग पालकांच्या वहीत कोण किती जेवलं आणि किती वेळा शी झाली. लेसन म्हणावा असा लेसन 40 मिनिटं. पण एन्चो सेन्सेंचंही अगदीच खोटं नाही ना. त्या म्हणतात तू नाक पुसताना जपानी बोलतेस का? नाही बोलत. 'ब्लो' म्हणते. ते पोरगं 'बुरो' म्हणून शिंकरतं. मग तो लेसन झाला की नाक झालं? मला स्वतःला वाटतं त्या पोरांचं खरं इंग्रजी बुटांपाशीच होतं, 'पुश, पुश, पुल' करत टाच आत जाते तेव्हा. 40 मिनिटांच्या फ्लॅशकार्डात ते खिडकीबाहेर कावळे बघतात. पण हे त्या फॉर्मच्या चौकटीत कुठं लिहू.

आणि हसू नकोस. दूध सांडलं की माझ्या तोंडून 'अरे बापरे' जातंच, तर आता सगळा वर्ग दूध सांडलं की एका सुरात 'आरेबापुरे' करतो. एका आईनं मला वहीत लिहून विचारलंय की हा शब्द डिक्शनरीत सापडत नाही, ब्रिटिश आहे का. अजून उत्तर दिलं नाही. ते पान इमिग्रेशनच्या हाती लागलं तर माझा निकाल तिथंच लागेल.

तासांचंही एक आहे, ते अमोलला पूर्ण सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी फेब्रुवारीत दोघीजणी फ्लूनं पडल्या आणि मी एका आठवड्यात 31 तास केले, वरचे तीन पुढच्या महिन्यात दाखवले त्यांनी. शिवाय शनिवारचे ऑनलाइन दोन तास, ते कुणीच मोजले नाहीत. मी हिशेब केला. तासाला 1,500 येन, 28 तास, 52 आठवडे, 21 लाख 84 हजार. एक दिवसही सुट्टी न घेता. आणि माझ्या टॅक्सच्या दाखल्यावर 22 लाख 40 हजार आहे. फरक 56 हजाराचा, पण साहेबाला कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. पुढच्या वर्षी आम्हाला इथं दहा वर्षं होतायत, अमोल कायमच्या रहिवासाचा अर्ज करणार, आणि कागदवाला म्हणतो बायकोच्या तासांवरून नवऱ्याचा अर्ज अडलेला त्यानं बघितलाय. म्हणजे अमोलच्या कार्डावर मी लटकलेय असं मला वाटत होतं, आता त्याचं माझ्यावर लटकलंय. या वाक्यानं मला जरा बरंच वाटलं, खोटं का बोलू.

आता तुझं. म्हणजे दाखल्याचं. अमोलच्या डोक्यात काय आलं असेल ते मला माहितेय, त्याच्या ऑफिसातला कुणीतरी म्हणाला असणार की गावाकडची शाळा 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन इंग्लिश' असं लिहून देते, इथं कोण बघायला जातंय. देतीलही हेडसर, तू सांगितलंस तर, तुझ्या शब्दाला मान आहे. तेच तर. खोटा कागद लावून व्हिसा घेतला तर 2017 पासून इथं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 30 लाख येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, पण ते माझं झालं, तुझी त्याच शाळेत नोकरी आहे.

आणि मला नववीचं प्रगतिपुस्तक आठवलं. तू माझ्या बाबांची सही केलीस, त्यांच्यासारखा 'श्री' सुद्धा काढलास, आणि जाधव सरांनी विचारलं तेव्हा मी खाली बघत राहिले. दोन दिवस वर्गाबाहेर तू उभी होतीस आणि मी आत बसून शेतकऱ्याचे मित्र कोण ते लिहीत होते. दिवाळीपर्यंत बोलली नाहीस. नंतर तू म्हणालीस विसरले, पण बारावीच्या सेंडऑफला माझी साडी सोडवताना तू जे म्हणालीस ते मी विसरले नाहीये, आणि तू पण नाहीस. गांडुळावरून मी तुझ्याशी पाच मार्कांसाठी भांडलेले ते वेगळं, त्यात माझंच बरोबर होतं.

तर तो दाखला काढू नकोस. काढला असशील तर फाड. मला पाठवायचाच असेल तर खरा पाठव, पहिली ते दहावी मराठी माध्यम असं स्वच्छ लिहिलेला, शाळेचा शिक्का मारून, मी त्याचं भाषांतर करून लावते. सात म्हणजे सात. वेळापत्रकात मी बूट लिहिणार आहे. बुटांपुढे कंसात 'पुश, पुल' लिहिते, तेवढं चालेल ना? एन्चो सेन्सेंना अजून सांगितलं नाही, सोमवारी सांगते, पोटात गोळा आलाय. इमिग्रेशनवाले नाही म्हणाले तर आहे ते डिपेंडंट, 28 तास, आणि शनिवारचा ऑनलाइन क्लास मी कालच बंद केला.

तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? ओमची दहावी म्हणजे घरात कर्फ्यू असणार. आणि त्या शिक्षकांच्या टीईटी परीक्षेचं काय केलंस, भरलास का फॉर्म, अठरा वर्षं शिकवल्यावर आता दोन वर्षांत पास होऊन दाखवा म्हणजे तुमच्याकडचे साहेबही काही कमी नाहीत. पश्याचं लग्न मोडलं ते खरं का? सविस्तर लिही, व्हॉइस मेसेज नको, तू कूकरच्या शेजारी बोलतेस.

20 तारखेला मी स्वतः शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊन कागद देणार आहे, स्टेशनपासून ती 99 नंबरची बस, सगळे हातात प्लास्टिकचे फोल्डर घेऊन गप्प बसलेले असतात. त्या दिवशी तुझ्याकडे सकाळ असेल तेव्हा एक मिस्ड कॉल दे.

आणि भावजींना सांग, अमोलचा फोन आला तर उचलू नका.

तुझीच,
स्नेहल