पाठांतरात हुशार असलेल्या मुलांविषयी शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरण्यातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. (शाळेचं नाव लिहीत नाही, निवृत्तीला अजून वेळ आहे.) माझ्या वर्गात माळकरी घरातली मुलं आहेत, पहाटे मदरशात जाऊन मग शाळेत येणारी आहेत, पर्युषणात उपास धरणारी आहेत. घरचं वळण कडक. परीक्षेत बहुतेक वेळा हीच मुलं पुढे असतात आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. एका मुलीने त्यावरचं उत्तर अगदी मुद्देसूद लिहिलं होतं. सहज विचारलं, तुला हे पटतं का गं? तर म्हणाली, "पटायचं कशाला बाई? लिहायचं असतं ना!" तिचं तरी काय चुकलं? श्रद्धा आणि विज्ञान यांची टक्कर होते म्हणून आपण सभांमधून बोलतो. वर्गात ती होतच नाही, कारण विज्ञानही आम्ही पोथीसारखंच घोकून घेतो.

7 सप्टेंबर 2025 ला रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. दुपारपासून वेध, म्हणून कित्येक घरी स्वयंपाक लवकर आटोपला. नंतरच्या तासाला मी अंधश्रद्धेवर भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं, की ग्रहणात अन्न बिघडतं का हे तपासायचं असेल तर काय कराल? एकाच पातेल्यातला भात दोन वाट्यांत, एक उघडी, एक झाकलेली, इथपर्यंत वर्ग लगेच आला. मग ज्याच्या घरी सोवळंओवळं सगळ्यात कडक, तो मुलगा म्हणाला, "बाई, ग्रहण नसेल त्या रात्रीही ठेवायला लागेल, नाहीतर कळणार कसं?" आख्ख्या वर्षात इतकं शास्त्रीय वाक्य मी वर्गात ऐकलं नव्हतं. दोन दिवसांनी पालकांची तक्रार आली आणि मला पोर्शन संपवण्याकडे लक्ष द्यायला सांगण्यात आलं.

देव आहे की नाही, हा माझ्या तासाचा विषय नाही. मुलाला घरापासून तोडायचंही नाही. तसं केलं तर ते पोर ऐकायचंच बंद होतं. उलट चिकित्सेची बीजं त्याच्या घरातच सापडतात. हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी, कोणी सांगितली, त्याने कोणाकडून ऐकली, ही साखळी तपासण्याचं मोठं शास्त्र इस्लामी परंपरेत आहे. जैनांकडे अनेकांतवाद आहे, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात, एकाच बाजूने पाहून ठरवू नये. व्हॉट्सअॅपवर आलेल्या औषधाच्या फॉरवर्डला 'हे कोणी सांगितलं, त्याने कोणाकडून ऐकलं?' हाच प्रश्न लावायला सांगितलं की मुलं हिरिरीने बोलतात.

2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीता आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराचा उल्लेख होता, त्यावरून वादही झाला. माझी हरकत वेगळीच आहे: पाठांतर या मुलांना घरी भरपूर मिळतं. शाळेने जे घरी मिळत नाही ते द्यावं.

राज्यघटनेच्या 51क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे 1976 पासून नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. ते शिक्षकाने पार पाडलं तर तक्रारीच्या वेळी त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे शासनाने लेखी परिपत्रकात सांगावं. धर्माची टिंगल करणारा शिक्षक त्यात बसणार नाही, हेही त्यातच लिहावं.

दुसरी मागणी गुणांची. दहावी विज्ञानात प्रात्यक्षिकाचे 20 गुण आहेत. प्रयोगवह्या कशा भरल्या जातात, हे वाशीच्या विभागीय मंडळालाही ठाऊक असेल. त्यातले 5 गुण मुलाने स्वतः काढलेल्या प्रश्नाला आणि तो तपासण्याच्या पद्धतीला द्या. उत्तर चुकलं तरी चालेल, पद्धत तपासा. गुण आहेत म्हटल्यावर कडकातले कडक पालकही मुलाला प्रश्न विचारू देतील. आपल्याकडे मार्कांपुढे कोणाचं काही चालत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताना परिपत्रक हातात आलं, तर याच वर्षीच्या दहावीला त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
कोपरखैरणे, नवी मुंबई