नाशाचे सगळे शब्द समानार्थी नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी शब्दसंग्रहाचे जे सदर चालते, त्यातला हानी आणि विनाश या विषयावरचा भाग वाचला. डॅमेज, रुइन, डिस्ट्रॉय, डेव्हस्टेट, डिमॉलिश, रेझ, गटेड, कोलॅप्स आणि डेसिमेट अशा शब्दांची रांग लावून त्या सर्वांपुढे ‘उद्ध्वस्त करणे, नष्ट करणे’ एवढाच अर्थ दिला आहे आणि हे समानार्थी शब्द पाठ करावेत असा सल्लाही दिला आहे. निवृत्तीनंतर मी इंदूरहून संगणकावर प्रौढांचे इंग्रजीचे वर्ग घेते आणि माझे बरेचसे विद्यार्थी चिनी भाषा बोलणारे, नोकरी करणारे लोक आहेत. त्यांच्या वह्यांतही हुबेहूब अशाच याद्या असतात आणि त्या पाठ केल्यामुळे होणाऱ्या चुकाही ठरावीक असतात. आपल्या मुलांनी त्याच वाटेने जाऊ नये म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

हे शब्द एकमेकांच्या जवळचे आहेत, परंतु एकाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. नुकसान कशाचे झाले, ते कितपत झाले, वस्तू पुन्हा उभी राहण्याजोगी आहे का आणि ते कोणी मुद्दाम केले की आपोआप घडले, याचा हिशेब प्रत्येक शब्दात आधीच झालेला असतो. इंदूरकरांना याचे सर्वांत चांगले उदाहरण राजवाड्यात मिळेल. खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी अशी रचना असलेल्या या सात मजली वाड्याला 1984 च्या दंगलीत आग लागली, तेव्हा मागचा भाग जळून गेला आणि दर्शनी भाग उभा राहिला. या घटनेला डॅमेज म्हटले तर ते फारच सौम्य होईल, कारण खिडकीची काच फुटली तरी डॅमेजच होते. आणि डिस्ट्रॉइड म्हटले तर आजही चौकात उभ्या असलेल्या त्या दर्शनी भागाचे काय करायचे? इंग्रजीत अशा आगीसाठी गटेड हा नेमका शब्द आहे. गट म्हणजे आतडे. मासा साफ करताना आतले सर्व काढून टाकावे तसे आगीने इमारतीचे आतले सर्व खाल्ले आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या राहिल्या, असा त्याचा अर्थ. (इंग्लंडमधला माणूस संघ हरल्यावर स्वतःलाही गटेड म्हणवून घेतो, पण तो बोलण्यातला वापर झाला, परीक्षेत तो कोणी विचारणार नाही.)

चिनी भाषेत याच प्रसंगासाठी ‘शाओहुइ’ असे जोडक्रियापद येते. शाओ म्हणजे जाळणे, हुइ म्हणजे नष्ट करणे. कृती पहिल्या अक्षरात आणि तिचा परिणाम दुसऱ्यात, ही त्या भाषेची नेहमीची ठेवण आहे. ‘दापो’ म्हणजे मारून फोडणे, हे त्याच जातीचे दुसरे क्रियापद. त्यामुळे माझे विद्यार्थी इंग्रजी लिहिताना बर्न आणि डिस्ट्रॉय अशी दोन क्रियापदे शेजारी शेजारी मांडतात, कारण एकाच क्रियापदात दोन्ही गोष्टी सामावतील यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मराठी माणसाला ही सवय परकी वाटू नये. आपणही जळून खाक होणे, मोडून पडणे, फोडून टाकणे असेच बोलतो. या साम्याचा फायदा सदरलेखकांनी घ्यावा असे मला वाटते. गटेडपुढे ‘आतून जळून खाक, भिंती शाबूत’ असे लिहिले, रेझपुढे ‘भुईसपाट करणे’ आणि डिमॉलिशपुढे ‘ठरवून पाडणे’ असे लिहिले, तर पाठांतराचे ओझे वाढत नाही आणि अर्थ मात्र सुटा होतो.

डेव्हस्टेटसाठी तर आपल्याकडे ‘बेचिराख’ हा अस्सल शब्द पडून आहे. आज तो आपण राखेशी जोडतो, पण मूळ शब्द बेचिराग. ज्या गावात दिवा लागत नाही, म्हणजे वस्तीच उरलेली नाही, असे गाव जुन्या महसुली दप्तरांत बेचिराग म्हणून नोंदले जाई. डेव्हस्टेटच्या लॅटिन मुळातही ओसाड, रिकामे करणे हाच अर्थ आहे. म्हणून पुराने किंवा युद्धाने एखादा प्रांत डेव्हस्टेट होतो, पण एकटी मोटार डेव्हस्टेट होत नाही. त्या मोटारीचा मालक मात्र होऊ शकतो, कारण दुःखाने कोलमडलेल्या माणसालाही हा शब्द लागतो.

रुइन या शब्दाने चिनी विद्यार्थ्यांची वेगळी अडचण होते. भग्नावशेषांसाठी त्यांच्याकडे ‘फेइश्यू’ हा शब्द आहे आणि चिनी नामांना अनेकवचनाचा प्रत्यय लागत नसल्यामुळे, रुइन म्हणजे नाशाची अवस्था आणि रुइन्स म्हणजे उरलेले अवशेष, हा फरक त्यांच्या कानावरून निघून जातो. मी त्यांना पेइचिंगच्या युआनमिंगयुआन या उद्यानप्रासादाचे उदाहरण देते, कारण तो त्यांना शाळेपासून ठाऊक असतो. ऑक्टोबर 1860 मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने तो लुटला आणि नंतर लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने ब्रिटिशांनी त्याला आग लावली. (हाच एल्गिन 1862 मध्ये आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आला आणि पुढच्या वर्षी धर्मशाळेत वारला.) लाकडी महाल जळून गेले, आज लोक जे रुइन्स पाहायला जातात ते मुख्यतः युरोपीय धर्तीवर बांधलेल्या दगडी वास्तूंचे आहेत. लुटीसाठी इंग्रजीत रूढ झालेला लूट हा शब्द आपल्याकडून गेलेला आहे, हे ऐकून वर्गात नेहमी हशा होतो. 1801 मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले आणि जाळले, त्याचे वर्णन करायलाही इंग्रज इतिहासकाराला हाच शब्द सोयीचा.

डॅमेजच्या बाबतीत तर एका अक्षराने पैशांचा प्रश्न उभा राहतो. नुकसान या अर्थी डॅमेज कितीही मोठे असले तरी एकवचनीच राहते. डॅमेजेस म्हटले की तो कायद्याचा शब्द होतो आणि त्याचा अर्थ न्यायालयाने देवविलेली भरपाई असा होतो. माल पाठवणाऱ्या कंपनीतल्या माणसाने पत्रात चुकून डॅमेजेस लिहिले, तर वाचणारा वकिलाला फोन करील. मोटार विम्यातला टोटल लॉसही असाच फसवा आहे. गाडी डोळ्यांसमोर उभी असते, पण दुरुस्तीचा खर्च विम्यात नोंदलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला की आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ती पूर्ण बाद धरली जाते.

कोलॅप्स आणि डिमॉलिश हे शब्द एका यादीत घालणे मात्र मला सर्वांत खटकले. 30 मार्च 2023 रोजी, रामनवमीला, आपल्याच शहरातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बावडीवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) घातलेला स्लॅब हवन चालू असताना कोसळला आणि 36 माणसे गेली. तो स्लॅब कोलॅप्स झाला. त्यानंतर काही दिवसांनी प्रशासनाने तिथले बांधकाम पाडले, ते डिमॉलिश केले. पहिल्या क्रियापदाला कर्ता लागत नाही, दुसऱ्याला लागतो. चिनी विद्यार्थी कोलॅप्सचे हमखास कर्मणी रूप करून ‘वॉज कोलॅप्स्ड’ लिहितात आणि ही चूक आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांतही अधूनमधून दिसते. मराठीत ‘पूल कोसळला गेला’ असे कोणी म्हणत नाही, त्यामुळे मराठी मुलांना ही चूक टाळणे खरे तर सोपे आहे, जर यादीने दोन्ही शब्दांना एकच अर्थ चिकटवला नसेल तर.

सदरलेखकांना विनंती अशी की हा भाग पुन्हा छापावा आणि प्रत्येक शब्दापुढे अर्थाबरोबर एक पूर्ण वाक्य द्यावे, शक्य तर आपल्याच दैनिकातल्या एखाद्या बातमीवरून केलेले. इमारतींच्या यादीतून डेसिमेट काढून टाकावा. दहातला एक मारण्याच्या रोमन शिक्षेवरून आलेला हा शब्द सैन्य, लोकसंख्या, जंगल अशा समूहांना लागतो, एकट्या घराला लागत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
रामबाग, इंदूर