गोवा ट्रान्स आणि चटईवरचा चहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गोवा ट्रान्सवरचा, म्हणजे गोव्यातल्या रात्रभराच्या पार्ट्यांत घडलेल्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीतावरचा लेख वाचला. त्या पार्ट्यांचा डीजे गोवा गिल आला, डीजे वाजवायचे त्या डॅट (डिजिटल) टेपा आल्या, ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डने डिसेंबर १९९४मध्ये बीबीसीवर वाजवलेला 'गोवा मिक्स'ही आला. पार्टीत चटया टाकून चहा विकणाऱ्या बायका तेवढ्या राहून गेल्या.

माझी मावशी शापोऱ्याची. १९९४-९५च्या हंगामात मी सावंतवाडीत अकरावीला होतो. नाताळच्या सुट्टीत तिच्या मदतीला जायचो. पार्टी कुठे होणार हे गोऱ्यांना रात्री कळायचं, मावशीला दुपारीच. जनरेटर नेणारा टेम्पोवाला तिच्याकडे जेवायला असायचा. मग स्टो, दुधाची किटली, अंडी, केळी, कंदील आणि चटया घेऊन आमची वरात वागातोरच्या डिस्को व्हॅलीत, नाहीतर हणजूणच्या बांबू फॉरेस्टात. पार्टीला तिकीट नव्हतं हे लेखात बरोबर आहे. पण पहाटे थंडीने कुडकुडणारा, तीन तास नाचून पाय गेलेला माणूस पडायचा कुठे? आमच्या चटईवर. चहाचा दर मावशी तोंड बघून ठरवायची. पैसे संपलेल्या एका इटालियन पोराला तिने आठवडाभर उधारीवर पाजला, आणि त्याने जाताना आपलं ब्लँकेट दिलं. ते अजून आहे.

लेखक म्हणतात, रात्रभर एकच धडधड. हे मात्र पटलं नाही. रात्रीचं म्युझिक जड, काळोखं असायचं. तांबडं फुटायला आलं की सूर मोकळे व्हायचे. मावशीकडे घड्याळ नव्हतं. सूर पालटले की ती मला ढोसायची, "गाणां बदललां रे, दूध ठेव." कारण उजाडलं की एकदम गर्दी यायची आणि दूध तेव्हा उकळत असायला हवं. त्या म्युझिकमधला जो गुळण्या केल्यासारखा आवाज, त्याला ती 'बेडूक' म्हणायची. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीने हल्ली मला सांगितलं की तो बेडूक म्हणजे रोलँड ३०३ हे जपानी यंत्र. बास गिटारची साथ द्यायला म्हणून बनवलेलं, चाललं नाही म्हणून १९८४मध्ये बंद पडलेलं. मुलगी 'जुना गोवा' नावाच्या रात्रींना तिकीट काढून जाते. फ्लोरोसंट रंगाचे पडदे, मंडलांची गोल नक्षी, सगळं असतं म्हणे. "चहा असतो का?" मी विचारलं. तर हसली.

उगाच सोनेरी मुलामा द्यायचा नाही मला. शेजारच्या चटयांवर काय काय विकलं जायचं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदोन पोरं शुद्धीवर येईनात म्हणून मावशी रडलेलीही पाहिली आहे. वाड्यावरच्या दहावीच्या मुलांना तो आवाज कानात कापूस घालूनही ऐकू यायचा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावरचे स्पीकर बंद केले, तेव्हा वाड्यावर कुणी हळहळलं नाही. चटयावाल्या हळहळल्या, कारण त्यांचा हंगामच गेला. मावशीने नंतर बुधवारच्या बाजारात मसाले विकले.

गोवा गिल २०२३च्या ऑक्टोबरात गेला. तो गेल्यावर जगभर लिहून आलं, ते योग्यच. पण हणजूण-शापोऱ्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या ज्या बायका आहेत, त्यांना त्या रात्री पाठ आहेत. कुठली पार्टी किती वाजता थांबली, खाकीतली माणसं आल्यावर आवाज किती वेळ बंद राहिला, कोण डीजे टेपा लुंगीत गुंडाळून आणायचा. हे कुणी विचारत नाही, म्हणून त्या सांगत नाहीत.

मे महिन्यात मुलीने मोबाइलवर एक जुना ट्रॅक मावशीला ऐकवला. मावशीने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "ह्यां रातीचां न्हय. ह्यां सकाळचां." मुलीने लगेच लिहून घेतलं.

आपल्या वार्ताहराला पाठवायचं असेल तर पाऊस संपल्यावर पाठवा. मावशीचा उजवा कान स्पीकरकडे असायचा, तो आता गेला आहे. तिच्या डाव्या बाजूला बसायला सांगा.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी